मजकूर संपादकात छपाईच्या आज्ञा: फाइल एलपीआरच्या हाती द्यावी की पाने आपणच आखावीत?

वारणाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि संध्याकाळच्या वेळात एका लहानशा मुक्तस्रोत मजकूर संपादकाच्या विकासात हातभार लावते. आम्ही तिघे मिळून तो सांभाळतो. संपादक पायथनमध्ये लिहिलेला असून जीटीके 3 (खिडक्या आणि मेन्यू बनवण्याचा संच) आणि जीटीके सोर्स व्ह्यू 4 (त्यावरचा मजकूर संपादनाचा घटक) यांच्यावर उभा आहे. त्यात आजवर छपाईची सोय नव्हती. ज्यांना छापायचे असे, ते मजकूर उचलून दुसऱ्या कार्यक्रमात नेत आणि तिथून छापत. शाळेतले सहकारी प्रश्नपत्रिका याच संपादकात लिहू लागल्यापासून मात्र ही उणीव रोज जाणवू लागली, म्हणून मागच्या महिन्यात मी ते काम अंगावर घेतले.

पहिला प्रयत्न अगदी साधा होता. फाइल मेन्यूमध्ये ‘छापा’ हा पर्याय दिला आणि तो निवडला की उघडलेल्या फाइलचे नाव एलपीआर या छपाईच्या आज्ञेला जोडून ती शेलकडे, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा चालवणाऱ्या कार्यक्रमाकडे, पाठवली. इंग्रजी मजकुराची चाचणी घेतली तेव्हा कागद व्यवस्थित आला आणि काम झाले असे मला वाटले. त्यानंतर सातवीच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका छापली, तेव्हा ‘शिक्षण’ हा शब्द कागदावर असा उमटला: आधी ‘श’, त्याच्या पुढच्या घरात सुटी वेलांटी, मग पाय मोडलेला ‘क’, मग वेगळा ‘ष’ आणि शेवटी ‘ण’. ‘दुसऱ्या’ हा शब्द तर ओळखूच येत नव्हता. पडद्यावर मात्र हेच शब्द निर्दोष दिसत होते.

पुढे आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. एका सहकाऱ्याने दोन प्रश्न बदलले, जतन न करताच छापा म्हटले आणि कागदावर जुनेच प्रश्न आले. दुसऱ्या एकाने फाइलचे नाव ‘सातवी घटक चाचणी’ असे ठेवले होते. त्याच्याकडे काहीच छापले गेले नाही आणि संपादकानेही चूक झाल्याचे सांगितले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. एलपीआरचा मार्ग दुरुस्त होण्यासारखा आहे, की तो सोडून जीटीकेची छपाई वापरावी? छपाईच्या म्हणून नेमक्या किती आणि कोणत्या आज्ञा संपादकात असाव्यात? फक्त निवडलेला भाग छापण्याची मागणी फार आहे, ती कशी पुरी करावी?

जुनाखिळा यांचे उत्तर

ताई, आपण सांगितलेल्या तिन्ही बिघाडांची कारणे वेगवेगळी आहेत. ती एकात मिसळली तर दुरुस्ती चुकीच्या जागी होईल, म्हणून एकेक घेतो.

अक्षरे का फुटली, ते आधी पाहू. एलपीआर स्वतः काही छापत नाही. ती फाइल छपाईच्या रांगेत टाकते आणि पुढचे काम कप्स ही लिनक्समधली छपाईची व्यवस्था करते. एलपीआर ही आज्ञा बर्कलीच्या युनिक्समधून आली, एलपी ही सिस्टीम व्ही मधून आली आणि कप्सने दोन्ही ठेवल्या, त्यामुळे कोणतीही वापरली तरी फळ एकच. रांगेत साधा मजकूर आला की कप्सच्या गाळण्यांपैकी एक गाळणी त्याचे पीडीएफ बनवते. ही गाळणी पान चौकोनांच्या जाळीसारखे धरते: मुळात आडव्या इंचात 10 घरे आणि उभ्या इंचात 6 ओळी. प्रत्येक वर्णाला एक घर, असा तिचा हिशेब आहे. ‘शिक्षण’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतावलीत, तो सहा संकेतांचा आहे: श, ऱ्हस्व वेलांटी, क, हलन्त, ष आणि ण. ते साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण अठरा. वेलांटी ‘श’च्या आधी काढायची आणि क, हलन्त व ष मिळून ‘क्ष’ हे एकच चिन्ह घ्यायचे, हे फॉन्टमधल्या नियमांप्रमाणे कोणीतरी करावे लागते. पडद्यावर ते काम जीटीके वापरते ते अक्षरजुळणीचे घटक, म्हणजे पँगो आणि त्याच्या आतले हार्फबझ, करतात. जाळी भरणाऱ्या गाळणीत तो टप्पाच नाही, म्हणून सहा संकेत सहा घरांत जाऊन बसले. फॉन्ट बदलून हा दोष जाणार नाही.

मी उमेदवारीच्या काळात छापखान्यात खिळे जुळवले आहेत. तिथेही वेलांटीचा खिळा अक्षराच्या आधी ठेवायला हाताला शिकवावे लागे, आणि जोडाक्षरासाठी वेगळा खिळा नसेल तर अर्धा खिळा शोधावा लागे. जुळारी जे करीत असे, तेच काम आता संगणकात कोणाकडे आहे, हे छपाईची आज्ञा लिहिताना विचारायलाच हवे. एलपीआरला कच्ची फाइल दिली की जुळाऱ्याला वगळून मजकूर थेट यंत्रावर चढवल्यासारखे होते.

जुने प्रश्न छापले गेले, त्याचे कारण आपण डिस्कवरची फाइल छापली, समोर उघडलेला मजकूर नव्हे. विम या टर्मिनलमधल्या संपादकात जी मंडळी कोलन डब्ल्यू, मोकळी जागा, उद्गारचिन्ह आणि एलपीआर असे लिहून छापतात, त्यांना ही अडचण येत नाही, कारण तिथे स्मृतीतला मजकूरच नळीवाटे एलपीआरकडे जातो. आपणही मजकूर एलपीआरच्या प्रमाण आदानातून, म्हणजे फाइलऐवजी थेट मजकूर देण्याच्या वाटेने, द्यायला हवा होता. म्हणजे नावातल्या मोकळ्या जागांचा तिसरा प्रश्नही उरला नसता. ‘सातवी घटक चाचणी’ या नावाचे शेलने तीन तुकडे केले, एलपीआरने तीन फाइली शोधल्या, त्या तिला मिळाल्या नाहीत आणि तिने तसे प्रमाद प्रवाहावर, म्हणजे चुका कळवण्याच्या वाटेवर, लिहिलेही असेल. आपण तो प्रवाह वाचलाच नाही. शेलला ओळ बांधून देण्याची पद्धत पूर्ण काढून टाकावी. पायथनच्या सबप्रोसेसला (दुसरा कार्यक्रम चालवणाऱ्या भागाला) आज्ञा आणि तिचे घटक यादीच्या रूपात द्यावेत, परतीचा अंक तपासावा आणि तो शून्य नसेल, म्हणजे काम फसले असेल, तर संदेश वापरकर्त्याला दाखवावा. मोकळ्या जागेमुळे फक्त छपाई अडली. नावात अर्धविराम किंवा अवतरणचिन्ह असते, तर शेलने भलतेच काही चालवले असते.

तातडीची सोय म्हणून पॅप्स नावाचा लहान कार्यक्रम आहे. तो पँगो वापरून मजकुराची पाने बनवतो, त्यामुळे जोडाक्षरे शाबूत राहतात. त्याचे फलित एलपीआरकडे द्यावे. पुढच्या आवृत्तीपर्यंत एवढ्यावर भागेल. कायमचा मार्ग मात्र जीटीकेचाच, कारण पडद्यावर ज्या यंत्रणेने अक्षरे जुळवली तीच यंत्रणा कागदासाठीही जुळवील.

समास यांचे उत्तर

वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. जीटीकेच्या बाजूचे काम मी दोन प्रकल्पांत केले आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

जीटीके प्रिंट ऑपरेशन हा वर्ग 2006 च्या जीटीके 2.10 पासून आहे आणि जीटीके 4 मध्येही तो कायम आहे, त्यामुळे आज लिहिलेले काम उद्या फुकट जाणार नाही. त्याची रीत अशी: आपण पाने किती ते सांगायचे, मग तो एकेका पानाचा क्रमांक देऊन ‘हे पान काढा’ असे म्हणतो आणि आपण कैरो या चित्रण-घटकाच्या पृष्ठभागावर ते काढून द्यायचे. मुद्रकांची यादी, प्रतींची संख्या, पाठपोट छपाई, पीडीएफ म्हणून जतन करणे हे सगळे त्याच्या संवादचौकटीत आयते मिळते.

पाने आखण्याचे कामही आपल्याला मुळापासून करावे लागत नाही, कारण सोर्स व्ह्यूमध्ये प्रिंट कंपोझिटर आहे. तो उघडलेल्या दृश्यावरूनच, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या चौकटीवरूनच, तयार करावा, म्हणजे फॉन्ट, टॅबची रुंदी, ओळी मोडण्याची रीत आणि ओळींचे क्रमांक तो तिथूनच उचलतो. ओळी दोन शब्दांमधल्या जागेतच मोडतील, शब्द तुटणार नाही, अशी रीत निवडा. समास मिलिमीटरमध्ये देता येतात. प्रश्नपत्रिका दोऱ्याने बांधल्या जात असतील तर डावीकडे 25 मिलिमीटर सोडावेत. तळटिपेच्या साच्यात टक्केचिन्ह आणि मोठा एन लिहिला की पानाचा क्रमांक येतो, टक्केचिन्ह आणि मोठा क्यू लिहिला की एकूण पाने येतात.

पॅजिनेट, म्हणजे ‘पाने आखा’ या जीटीकेच्या हाकेला, दिलेल्या उत्तरात नवखे लोक चुकतात. कंपोझिटर मोठा मजकूर एका दमात आखत नाही. तो थोडा भाग आखतो आणि काम बाकी असेल तर ‘नाही’ असे परत देतो. आपणही तेच उत्तर पुढे द्यायचे, म्हणजे जीटीके पुन्हा हाक मारते आणि मध्यंतरी खिडकी गोठत नाही. ‘हो’ आल्यावरच पानांची संख्या ऑपरेशनला कळवायची. मी पहिल्यांदा ही संख्या सुरुवातीलाच विचारली होती आणि आखणी पूर्ण होण्याआधीचाच आकडा घेऊन बसलो होतो.

आज्ञा किती असाव्यात, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ‘पान मांडणी’, ‘छपाईचे पूर्वदृश्य’ आणि ‘छापा’ या तीन पुरेत. ईमॅक्स या संपादकात पूर्ण मजकूर आणि निवडलेला भाग यांच्या वेगळ्या आज्ञा आहेत, शिवाय साधी छपाई आणि पोस्टस्क्रिप्टची (पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेतली) छपाई यांच्या जोड्या वेगळ्या. आज्ञा नावाने बोलावण्याची सवय असलेल्या त्या संपादकात ते शोभते, मेन्यूत मात्र गर्दी होते. निवडलेला भाग छापण्याची सोय संवादचौकटीतच द्या. ऑपरेशनला ‘निवडीचा पाठिंबा आहे’ आणि ‘आता निवड केलेली आहे’ असे दोन गुणधर्म सांगितले की तिथे तो पर्याय दिसू लागतो. कंपोझिटरला मात्र मजकुराचा तुकडा छापता येत नाही, तो अख्खा बफरच, म्हणजे स्मृतीत उघडलेला पूर्ण मजकूरच, घेतो. म्हणून वापरकर्त्याने ‘निवड’ हा पर्याय घेतला असेल तर निवडलेला मजकूर नव्या, न दिसणाऱ्या बफरमध्ये ठेवावा आणि कंपोझिटर त्याच्यावर बांधावा. तशा वेळी दृश्यावरून उचलल्या जाणाऱ्या गोष्टी आपल्याला हाताने द्याव्या लागतात, विशेषतः फॉन्ट.

पूर्वदृश्यासाठी जीटीके 3 लिनक्सवर मुळात एव्हिन्स हा कार्यक्रम उघडते. ज्या संगणकावर तो नाही तिथे पूर्वदृश्य उघडणार नाही, म्हणून पॅकेजच्या सुचवलेल्या अवलंबनांत (सोबत बसवायच्या कार्यक्रमांच्या यादीत) त्याचे नाव घाला.

गडद रंगसंगतीचाही विचार करावा लागेल. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे असतील आणि तेच रंग कागदावर गेले, तर पांढऱ्यावर फिकट राखाडी उमटते आणि वाचणाऱ्याचे हाल होतात. सिंटिला या मजकूर संपादनाच्या दुसऱ्या एका घटकाने यासाठी छपाईच्या रंगांच्या वेगळ्या रीतीच ठेवल्या आहेत, त्यांत पांढऱ्यावर काळे ही एक आहे. आपल्याकडे प्रश्नपत्रिकेसाठी रंगीत ठळकपणा बंद करून छापणे सर्वांत बरे.

टर्मिनलवासी यांचे उत्तर

मला एक वेगळा विचार मांडावासा वाटतो. संपादकाने छपाई करूच नये, असे काहींचे मत आहे आणि त्याला आधार आहे. विममध्ये हार्डकॉपी ही छपाईची आज्ञा आजही आहे, पण युनिक्सवर ती स्वतः पोस्टस्क्रिप्ट लिहिते आणि एका वर्णाला अनेक बाइट लागणाऱ्या मजकुराच्या छपाईची तिची सोय चिनी, जपानी व कोरियन लिप्यांपुरती आहे. देवनागरीला तिचा उपयोग नाही. विमपासून निघालेल्या निओव्हिमने तर ती आज्ञा आणि तिचे सगळे पर्याय काढून टाकले, आणि मजकुराचे एचटीएमएल बनवून ते ब्राउझरमधून छापा असे सांगितले. ब्राउझरला जोडाक्षरे उत्तम जमतात. तिघांनी सांभाळायच्या प्रकल्पात छपाईचा भार कायमचा कशाला घ्यावा? ‘एचटीएमएल म्हणून ब्राउझरमध्ये उघडा’ एवढी एक आज्ञा दिली, तर पन्नास ओळींत काम भागेल.

जुनाखिळा यांचे उत्तर

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या संपादकाबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. तिथे अक्षरे जुळवण्याचे काम टर्मिनल करते, संपादकाच्या हाती फक्त वर्णांची रांग असते आणि पान आखण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. अशा वेळी ते काम ब्राउझरवर सोपवणे योग्यच. ताईंचा संपादक मात्र जीटीकेवर आहे, म्हणजे जुळारी घरातच आहे; त्याला बसवून ठेवून शेजारच्या छापखान्यात मजकूर पाठवण्याचे कारण मला दिसत नाही. ब्राउझर स्वतःचा शिरोलेख आणि तळटीप घालतो, त्यात फाइलचा पत्ता आणि तारीख येते. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर शिक्षकाच्या संगणकातला मार्ग छापला जाणे बरे नाही. तो बंद करता येतो हे खरे, पण प्रत्येक शिक्षकाला ते शिकवावे लागेल. छपाई हे संपादकाचे काम आहे, कारण काय लिहिले आणि ते कसे दिसावे हे त्यालाच ठाऊक असते.

वारणाकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन आठवडे मी समास यांनी सांगितलेल्या रीतीने काम केले. एलपीआरचा भाग पूर्ण काढला. नवा भाग सुमारे दीडशे ओळींचा झाला आणि त्यातल्या निम्म्या ओळी निवडलेल्या भागाच्या छपाईसाठीच आहेत. ‘शिक्षण’, ‘दुसऱ्या’, ‘विठ्ठल’, ‘कर्तृत्व’ आणि ‘श्री’ हे शब्द असलेली एक चाचणी फाइल मी प्रकल्पात ठेवली आहे. कागद वाया जाऊ नये म्हणून ती आधी पीडीएफमध्ये काढते आणि अक्षरे मोठी करून डोळ्यांनी तपासते.

दोन अडचणी उरल्या आहेत. शाळेतल्या एका संगणकावरून छापले की मुद्रकाचा दिवा लुकलुकत राहतो आणि कागद बाहेर येत नाही. मुद्रकावरचे बटण दाबले की पान येते, पण खालची ओळ कडेला टेकलेली असते. इतर संगणकांवर असे होत नाही.

दुसरी अडचण छपाईमुळे उघडकीस आली. प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर एका मुलीने विचारले की यातला ‘ल’ आणि ‘श’ पुस्तकातल्यासारखा का नाही. मी निरखून पाहिले, तर दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची होती. मग पडद्याकडे पाहिले, तिथेही तशीच होती. इतके दिवस माझ्या ते लक्षात आले नव्हते, याचे मला वाईट वाटले, कारण पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आम्हीच मुलांकडून गिरवून घेतो आणि राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयातही तीच वळणे प्रमाण धरली आहेत.

समास यांचे उत्तर

दोन्ही अडचणींचे मूळ बहुधा संगणकाच्या स्थानिक मांडणीत, म्हणजे भाषा आणि देश यांच्या निवडीत, आहे. लुकलुकणाऱ्या दिव्याच्या संगणकावर अमेरिकन इंग्रजी मांडणी निवडलेली असावी. जीटीके कागदाचा मूळ आकार त्या मांडणीतल्या एलसी पेपर या चलावरून ठरवते आणि अमेरिकन मांडणीत तो लेटर येतो. ट्रेमध्ये एफोर आहे, म्हणजे 210 गुणिले 297 मिलिमीटर; लेटर त्याहून सुमारे 6 मिलिमीटर रुंद आणि 18 मिलिमीटर आखूड असतो. मुद्रक लेटरची वाट पाहत थांबतो. एलसी पेपर भारतीय मांडणीवर आणा. त्याशिवाय संपादकातही पान मांडणी आणि छपाईची निवड प्रत्येक यशस्वी छपाईनंतर वापरकर्त्याच्या निर्देशिकेत जतन करा आणि पुढच्या वेळी तिथूनच वाचा; दोन्ही वर्गांना फाइलमध्ये लिहिण्याची आणि फाइलमधून वाचण्याची सोय आहे. जतन केलेले काही नसेल, तेव्हा मुळातच एफोर धरा.

‘ल’ आणि ‘श’ यांचे असे आहे. दोन्ही वळणे ज्या फॉन्टमध्ये असतात, त्यात मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी वळण निवडले जाते. मांडणी इंग्रजी असेल आणि मजकूर देवनागरी, तर पँगोला भाषा सांगणारे कोणी नसते आणि देवनागरीसाठी ते हिंदी गृहीत धरते. मांडणी मराठी केली की हे आपोआप सुधारते. मेन्यू इंग्रजीतच हवे असणाऱ्यांसाठी पँगो लँग्वेज हे पर्यावरण चल (कार्यक्रमाला बाहेरून दिलेली किंमत) आहे. त्याची किंमत लहान लिपीत ईएन, मग अपूर्णविराम, मग एमआर अशी ठेवावी. संपादक सुरू होताना जीटीके आयात करण्याच्या आधी, ते चल रिकामे असेल तरच, आपल्या आरंभीच्या फाइलमध्ये ते बसवता येईल. त्याने पडदा आणि कागद दोन्ही सुधारतील. फॉन्टमध्ये मराठी वळणेच नसतील तर मात्र या कशाचा उपयोग होणार नाही, म्हणून आधी मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घेऊन पाहा आणि चाचणीच्या फाइलमध्ये ‘शाळा’ आणि ‘लेखन’ हे दोन शब्द वाढवा.